ठीक अकरा वाजता

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत मिंबरच्या बाजूला एक लाकडी फळा टांगलेला आहे. त्यावर सहा घड्याळे आहेत आणि त्यांतले एकही चालत नाही. फजर, जुहर, असर, मगरिब, इशा आणि जुमा. काटे बोटाने फिरवून ठेवायचे. जमातीची वेळ बदलली की मुअज्जिनसाहेब स्टुलावर चढतात, काटा पाच-दहा मिनिटे इकडे-तिकडे सरकवतात आणि उतरतात. सेल नाही, टिकटिक नाही. तरीही आमच्या सबंध गावात ह्या सहा बंद घड्याळांइतके वक्तशीर दुसरे काही नाही. एसटी नाही, बँक नाही, नळाचे पाणी तर नाहीच नाही.

फळ्याच्या शेजारी सातवे घड्याळ आहे, ते चालते. ह्या सातव्याचा त्या सहांशी मेळ बसतो की नाही, हे पाहायला कमिटीने कोणालाही नेमलेले नाही. पण दर नमाजेला निदान पंधरा माणसे हे काम बिनपगारी करतात. इमामसाहेबांना यायला एक मिनिट उशीर झाला की पहिल्या सफेत खाकरणे सुरू होते. दोन मिनिटे झाली की दुसऱ्या सफेत बाह्या मागे सरतात आणि मनगटे वर येतात. तिसरे मिनिट आम्ही अजून पाहिलेले नाही.

ह्या खाकरणाऱ्यांत आमचे एक स्नेही नेहमी आघाडीवर असतात. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचे लग्न झाले. कार्डावर छापले होते, ‘निकाह : ठीक ११ वाजता’. बारात हॉलवर पोहोचली ती एक वाजून दहा मिनिटांनी. सर्वांत पुढे गळ्यात हार घालून आमचे स्नेहीच होते. त्या दिवशी मनगट बाहीच्या आत होते.

‘ठीक’ ह्या शब्दाबद्दल थोडे सांगायला हवे. नुसते ‘११ वाजता’ छापले तर लोक बाराला येतात, म्हणून ‘ठीक’ घालायची पद्धत पडली. आता ‘ठीक’ वाचले की लोक एकला येतात. ज्याला ‘ठीक’ लिहावे लागते त्याचाच स्वतःवर भरवसा नाही, हे सगळ्यांनी ओळखले आहे. मुलीचा बाप अकरा छापतो, कारण त्याला निकाह साडेबाराला व्हायला हवा असतो. मुलाकडचे ओळखतात की अकरा म्हणजे साडेबारा, म्हणून ते बाराला आंघोळीला बसतात. काझीसाहेबांना दोन्हीकडचे हिशेब पाठ असतात. ते मधल्या वेळात दुसऱ्या हॉलमधला एक निकाह पढवून येतात. आणि जो भला माणूस खरोखरच अकराला येतो, त्याला हॉल झाडणारा विचारतो, ‘कोण पाहिजे, चाचा?’

ह्या सगळ्यात खरी परीक्षा होते ती भटारीची. माणसे थांबतात, देग थांबत नाही. आम्ही एकदा एका मुरलेल्या भटारीला यजमानाशी बोलताना ऐकले.

‘शेठ, जेवण किती वाजता वाढायचे?’

‘दीडला.’

‘कार्डावरचा नको. खरा टाइम सांगा.’

यजमान रागावले. भटारी रागावला नाही, कारण त्याचा तो रोजचा धंदा. त्याने आम्हाला समजावून सांगितले. अर्धा शिजलेला तांदूळ गोश्तावर पसरला, झाकणाच्या कडेला कणकेची पट्टी लावली आणि वर निखारे ठेवले की दम सुरू झाला. मग त्याच्या हातात काही उरत नाही. तयार झालेली देग तासभर ठीक राहते. पुढे तळ धरतो, वरचा तांदूळ फुगून गोळा होतो, आणि लोक म्हणतात भटारीने बिर्याणी बिघडवली. कोणी असे म्हणत नाही की नवरदेवाच्या मामाने बिघडवली, शेरवानीचे बटण शोधण्यात. म्हणून तो शेवटच्या देगांना दम द्यायचे थांबतो आणि एक पोरगा रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा करतो. नवरदेवाची गाडी त्याच्या डोळ्यांना दिसली की तो धावत येतो, मगच निखारे. बिर्याणी चांगली झाली तर तारीफ यजमानाची. त्या पोराला कोणी विचारत नाही की तू उन्हात दोन तास उभा होतास का.

विचारत नाहीत असे आणखी बरेच जण असतात. जनान्यात नवरी सकाळी नऊपासून अंगभर जरी आणि केसांत पिना घेऊन बसलेली असते. तिला मान हलवायचीही बंदी. जेवणाआधी साखरेची गोळी घेणारी कोणी दादी ‘आता वाढतील, आता वाढतील’ ह्या भरवशावर गोळी घेऊन बसते आणि मग चक्कर येऊ नये म्हणून नातवाच्या खिशातले बिस्कीट तोंडावर पदर घेऊन खाते. बाराती दोन तास उशिरा आले, असे आपण म्हणतो. हॉलमध्ये चारशे माणसे होती. दोन गुणिले चारशे हा गुणाकार अजून कोणत्याही लग्नाच्या खर्चात धरलेला आम्ही पाहिला नाही. मंडपाचे, फुलांचे, फोटोवाल्याचे हिशेब मात्र वर्षभर चालतात.

उशिरा येणाऱ्यांना इतिहासाचा आधार हवा असेल तर तोही आम्ही देऊ शकतो. १९०६ सालापासून देशाला एक प्रमाणवेळ लागू झाली, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची स्वतःची वेळ होती चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे, म्हणजे नव्या वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटे मागे. मुंबईकरांना हे ‘सरकारी’ घड्याळ मुळीच पटले नाही. शहरात कितीतरी वर्षे दोन वेळा शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि लोक भेट ठरवताना विचारत, मुंबई टाइम की स्टँडर्ड टाइम? तेव्हा एकोणचाळीस मिनिटांपर्यंतचा उशीर आम्ही आजही माफ करायला तयार आहोत. माणूस जुन्या वळणाचा आहे, एवढेच म्हणू. पण एक वाजून दहा मिनिटांना कोणत्याच शहराचा टाइम लागू पडत नाही.

घड्याळाची ही कटकट नको म्हणून आपले बुजुर्ग नमाजेवरून वेळ सांगत आले. ‘जुहरनंतर या.’ ‘इशा पढून बसू.’ सोय चांगली, फक्त दोघांची नमाज एका वेळेची हवी. आमच्या माहितीतल्या एका घरी, कऱ्हाडला, मुलगी पाहायला चिपळूणचे पाहुणे येणार होते. निरोप होता, ‘असर पढून पोहोचतो.’ कोकणातले शाफई, घाटावरचे हनफी. शाफईंची असर वस्तूची सावली वस्तूएवढी झाली की लागते, हनफींची सावली दुप्पट झाल्यावर. तास-पाऊण तासाचा फरक. पाहुणे कुंभार्ली घाट चढून, वाटेत असर पढून, आपल्या हिशेबाने अगदी वेळेवर दारात उभे राहिले. घरात मुलीचा बाप बनियनवर झोपलेला, भजी तळायची बाकी, आणि मुलगी अंगणात दोरीवरचे कपडे काढते आहे. मुलाला ती तिथेच पसंत पडली, हा भाग वेगळा. दोन्हीकडचे लोक आजही एकमेकांना सांगतात की चूक तुमची होती.

ही सावल्यांची मोजदाद एके काळी आपल्याकडे गंमतीची गोष्ट नव्हती. मोठ्या मशिदींत ‘मुवक्कित’ नावाचा स्वतंत्र माणूस असे, त्याचे काम वेळ काढण्याचे. दमास्कसच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अश्शातिर हे खगोलशास्त्री ह्या पदावर होते. त्यांनी १३७१ साली तिथल्या मिनारासाठी एक सूर्यघड्याळ बनवले. आणि कुरआनात तर ‘अल-अस्र’ नावाची एक पूर्ण सूरह आहे, एकशेतिसरी, अवघ्या तीन आयतींची. तिची सुरुवात काळाच्या शपथेने होते. नमाजेत बहुतेकांची ती ठरलेली असते. कारण ती लहान आहे आणि लवकर संपते, असे एका पोराने आम्हाला खाजगीत सांगितले.

वेळ पाळणे आपल्याला जमत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. रमजानात इफ्तारच्या दस्तरखानावर येऊन पाहावे. खजूर बोटांत, बोट ओठांपासून दोन इंचांवर, डोळे मोबाइलवर, कान भोंग्याकडे. लग्नाला दोन तास उशिरा येणारे तेच स्नेही इथे सेकंदाचा हिशेब करत असतात. ‘आमच्या टाइमटेबलात छप्पन्न आहे, तुमच्यात सत्तावन्न कसे?’ नागपूरच्या आतेभावाचा मुंबईला फोन येतो, ‘आमचे झाले बुवा, शरबत पितोय.’ नागपूर पूर्वेला असल्याने तिथला सूर्य मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी मावळतो, हे भूगोलाच्या तासाला ज्यांच्या डोक्यात कधी शिरले नाही, त्यांना रमजानात एका शरबताच्या घोटात समजते.

सहरीला चित्र थोडे निराळे. संपायला दहा मिनिटे उरली की घरातले पुरुष उठतात, पाच मिनिटे उरली की बसतात, आणि दोन मिनिटे उरली की म्हणतात, ‘आणखी एक पोळी आहे का? अजून वेळ आहे.’ वेळ असतो, कारण कोणीतरी तो दीड तास आधी उठून तयार केलेला असतो. ती स्वतः भोंगा वाजता वाजता ओट्याजवळ उभ्याने पाणी पिते. दुपारी तिचा डोळा लागला तर घरातले कोणी ना कोणी म्हणतेच, ‘रोजा ठेवून दिवसभर झोपण्यात काय अर्थ?’

हा केवळ आमचा कांगावा नाही. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर पाहणी करून लोक दिवस कसा घालवतात ते मोजले. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जात होता, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. आता ‘सत्त्याण्णव मिनिटे म्हणजे काही कमी नाही’ असे म्हणून मिशीवर ताव देणाऱ्यांसाठी पुढचा आकडा : मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच शंभरात सव्वीस होते. उरलेले चौऱ्याहत्तर जण त्या वेळेत काय करत होते, ह्याचा काहीसा अंदाज आम्हाला आमच्या चौकातल्या चहाच्या हॉटेलवरून आहे. इशानंतर तिथे बाकडी भरतात. अमेरिकेने काय करायला हवे, पाकिस्तानची बॅटिंग का कोसळली, मशिदीच्या कमिटीत कोणाला घ्यायला नको, ह्यावर साडेअकरापर्यंत एका चहावर चर्चा चालते. घरी गेल्यावर मुलगा गणिताची वही पुढे करतो, तेव्हा अब्बांना वेळ नसतो.

मोबाइल आल्यापासून हॉटेलपर्यंत जायचेही कष्ट नाहीत. वेळेची किंमत सांगणारे संदेश आम्हाला रोज पाच-सहा येतात. गेलेला वेळ, सुटलेला बाण, घसरणारी वाळू, सगळे गुलाबाच्या चित्रासकट. पाठवल्याची वेळ रात्री एक चाळीस. हाच मनुष्य फजरला दिसत नाही, पण फजरच्या फजिलतीचा संदेश सकाळी साडेनऊला न चुकता पाठवतो.

आता एका नाजूक शब्दाकडे वळतो. इन्शाअल्लाह. अल्लाहने इच्छिले तर, एवढे म्हणून माणूस आपल्या वायद्यावर अल्लाहला साक्षी ठेवतो. ह्याहून पक्का वायदा दुसरा नसावा. आपल्याकडे त्याचे काय झाले ते पाहा. सुताराने ‘गुरुवारी देतो’ म्हटले तर गुरुवारी जाऊन पाहावे. ‘गुरुवारी इन्शाअल्लाह’ म्हटले तर पुढच्या महिन्यात जावे. उसने पैसे, शिलाईचे कपडे, भाडेकरूची खोली खाली करणे, सगळ्याला हाच शब्द. नाही म्हणायचे जिवावर येते आणि हो म्हणायची तयारी नसते, तेव्हा आपण अल्लाहचे नाव पुढे करतो. आमच्या शेजारची सात वर्षांची मुलगी सहलीची परवानगी मागायला आईला आत पाठवते आणि ती बाहेर आली की विचारते, ‘अब्बू हो म्हणाले, का इन्शाअल्लाह म्हणाले?’

हजचेही तसेच. ज्याला ऐपत आहे तो म्हणतो, आधी मुलीचे लग्न. मग वरचा स्लॅब. मग मुलाला दुकान. मग रिटायर झालो की निवांत जाऊ, इन्शाअल्लाह. सफा आणि मरवा यांमधल्या सात फेऱ्या मिळून चालणे सुमारे तीन किलोमीटर होते, आणि गुडघे कोणासाठी रिटायरमेंटपर्यंत थांबत नाहीत. शिवाय चांद्रवर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. बत्तीस इंग्रजी वर्षांत जवळजवळ तेहतीस हिजरी वर्षे होतात. म्हणजे ‘मी अजून साठच’ म्हणणारे आमचे मित्र हिजरीने बासष्टीला टेकलेले असतात. हा हिशेब आम्ही त्यांना करून दाखवला, तर ते म्हणाले की जन्मदाखल्यावर इंग्रजी तारीख आहे.

एका बाबतीत मात्र आपली जमात कधीही चुकत नाही. भोंग्यावरून ऐलान झाले, ‘फलाण्यांचा जनाजा असरनंतर’, की असरला मशीद बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत भरते. दुकाने अर्धी शटर ओढून बंद होतात, पुण्या-मुंबईहून मुले रात्रभर गाडी हाकत येतात, कोणाला कसलीही मीटिंग आड येत नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतले एक वृद्ध गुरुजी गेले. उर्दू शाळेत चाळीस वर्षे शिकवलेले. जनाज्याला खांदा द्यायला इतकी गर्दी की पाच पावलांवर खांदा बदलावा लागत होता. त्याआधी सात महिने ते ओसरीवरच्या खाटेवर पडून होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथून हाक मारीत, आणि जाणारा हात वर करून म्हणे, ‘सलाम गुरुजी, घाईत आहे, येतो एकदा निवांत.’ त्यांचा नातू आम्हाला म्हणाला, ‘दादाजान प्रत्येकाच्या नावापुढे वार लिहून ठेवायचे. कोण कधी येतो म्हणाला त्याचा.’ गुरुजींची सवय, हजेरीपट मांडायची. वही आम्ही पाहिली. कोणापुढेही गैरहजर असे लिहिलेले नव्हते, जागा नुसत्या कोऱ्या होत्या.

कोकणात, खेड तालुक्यातल्या एका घरी आम्ही अलीकडे गेलो होतो. ह्या भागात घर तिथे आखातातला माणूस. ह्या घरचा मुलगा कुवेतला, एकोणीस वर्षे झाली. पूर्वी पत्रे येत, नंतर आवाज भरलेल्या कॅसेटी, मग एसटीडीच्या बूथवर रात्री अकरानंतर स्वस्तातला फोन आणि बाहेर रांग. आता व्हिडिओवर तोंड दिसते. घराच्या माजघरात दोन घड्याळे आहेत. एक आपले, आणि दुसरे अडीच तास मागे. म्हातारी दुसऱ्याकडेच पाहून दिवस काढते. त्यात सहा वाजले की ‘उठला असेल’, एक वाजला की ‘जेवायला बसला असेल’. मुलाला दुपारी एकला जेवणाची सुटी, म्हणजे इथले साडेतीन. तेव्हा ती कोणाकडे जात नाही, आणि तिच्याकडे आलेल्याला सून हळूच खुणेने थोडे थांबायला सांगते. फोन मांडीवर, चार्ज केलेला. आठवड्यातून दोनदा वाजतो. नाही वाजला तर रात्री संदेश येतो, ‘अम्मी, आज टाइम नाही मिळाला, उद्या करतो इन्शाअल्लाह.’ ती म्हणते, त्याला तिकडे श्वास घ्यायला फुरसत नाही हो.

आम्ही उठताना आपल्या घड्याळाकडे पाहिले तर त्यात सातला दहा कमी होते, आणि बाहेर तर उन्हे अजून अंगणात होती. सून हसली. ते म्हणे महिन्यापासून बंद आहे, सेल आणायला कोणाला सवड झालेली नाही. कुवेतच्या घड्याळाचा सेल मात्र म्हातारी संपायच्या आधीच बदलून घेते. दोन जादा सेल तिच्या उशीखाली, पानाच्या डब्यात असतात.